हवा लागू द्या

आमचा कॉम्प्युटर माणसं पाहून वागतो, असं मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा खुशालकाका हसले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. तिसऱ्यांदा मी ते मनातल्या मनातच म्हणाले, कारण तोवर माझी नोकरी जायची वेळ आली होती.

मी रागिणी. माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. पुढे कोणी दचकायला नको. मी अकोल्याची. आवाजाचं तंत्र पुण्यात शिकले आणि तिथल्याच एका स्टुडिओत मालिकांचे आवाज साफ करायच्या नोकरीला लागले. सासू रडली की तिच्या हुंदक्यामागची पंख्याची घरघर काढून टाकायची, हे माझं काम. लोकांचे हुंदके साफ करून करून माझं डोकं पिकलं होतं. तेवढ्यात कळलं की अकोट रोडच्या खुशालकाकांनी त्यांच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये गाण्याचे कार्यक्रम सुरू केलेत आणि आवाज सांभाळायला त्यांना माणूस हवा आहे. मी बॅग भरली आणि परत आले. माणसाच्या जागी बाई आलेली पाहून काका एवढंच म्हणाले, "कान ठीक हायेत ना? मंग झालं."

शेडचं नाव 'रेचा'. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. काकांच्या वडिलांच्या काळात इथे दिवसभर रेचे धडधडायचे. आता दर शनिवारी संध्याकाळी गाणं होतं. कधी गझल, कधी भजन, कधी कॉलेजातली गिटारवाली पोरं. लोक गाद्यांवर मांड्या ठोकून बसतात आणि आवडलं तर मोकळ्या गळ्याने दाद देतात. नाही आवडलं तरी मोकळ्या गळ्यानेच सांगतात. मला हे पुण्याच्या सभागृहांपेक्षा फार आवडतं.

या सगळ्या गाण्याचा जीव एका कॉम्प्युटरमध्ये होता. स्टेजवरचे सगळे माइक, तबला, हार्मोनियम, गिटार, सगळ्यांच्या वायरी एका डब्यात येतात, डब्यातून कॉम्प्युटरमध्ये जातात, तिथे मी कोणाचा आवाज वर, कोणाचा खाली करते आणि मग तो स्पीकरमधून बाहेर पडतो. म्हणजे कॉम्प्युटर गेला की सगळंच गेलं. गायक तोंड हलवतोय आणि आवाज मात्र पहिल्या रांगेपुरता, अशी अवस्था.

त्याच्या पंख्याची भुणभुण माइकात शिरू नये म्हणून तो हॉलमध्ये ठेवलेला नव्हता. दाराशी एक चिंचोळी खोली आहे. पूर्वी तिथे कापसाच्या गाड्यांचं वजन लिहीत, म्हणून तिला अजून काटाघर म्हणतात. काका तिथे बसून तिकिटं देतात. कॉम्प्युटरचा डबा तिथे, आणि भिंतीतल्या भोकातून वायरी काढून स्क्रीन, माउस हॉलमध्ये माझ्यापुढे. डबा काकांच्या नजरेखाली आणि आवाज माझ्या हाताखाली, अशी आमची वाटणी होती.

होळी झाल्यावर एकदा भर कार्यक्रमात कॉम्प्युटर बंद पडला. काकांनी तो ज्याच्या दुकानातून घेतला होता त्या मोईजला अमरावतीहून बोलावलं. मोईज माझ्याच वयाचा, बोलायला गोड आणि हाताने चपळ. त्याने डब्याचं झाकण काढलं आणि आतून रुईचा हा एवढा गोळा बाहेर काढला. आमच्या शेडच्या छपरातून अजूनही रुई झडते. जिनिंग बंद होऊन वर्षं झाली, पण कापूस काही घर सोडत नाही.

"काका, मशीन तापून राह्यली होती," मोईज म्हणाला. "हे झाकन उघडंच राहू द्या. हवा लागू द्या तिले."

"लागू देतो," काका म्हणाले. काकांना एखादी गोष्ट एकदा सांगितली की पुन्हा सांगावी लागत नाही.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. पुढच्या शनिवारी कॉम्प्युटर दोनदा बंद पडला. त्याच्या पुढच्या शनिवारी तीनदा. मधेच स्क्रीन निळी होई, मग काळी, आणि स्पीकर 'टप्प' करून गप्प. मी उठून काटाघराकडे धावायची. मी दारात दिसले की काका लगबगीने उठून वाटेतला कूलर बाजूला सरकवायचे, खुर्ची उचलायचे आणि मला जागा करून द्यायचे. मी खाली बसून बटण दाबायची. एकदा, दोनदा, चारदा. मशीन नुसतं गुरगुरायचं आणि गप्प व्हायचं. मग थोड्या वेळाने, जणू काही झालंच नाही अशा थाटात, सुरू व्हायचं. मी परत जागेवर जाऊन बसायची, आणि दोन गाण्यांनी पुन्हा तेच.

मी मोईजला फोन करून नको नको ते बोलले. तो आला. काकांनी त्याला काटाघरात बसवलं, जारचं थंड पाणी दिलं (तिथलं बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही), आणि कूलर सरकन त्याच्याकडे फिरवला. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुणा आला की आधी कूलर त्याच्याकडे फिरतो, मग पाणी, मग ख्यालीखुशाली. मोईज थंडगार हवेत बसून संध्याकाळपर्यंत मशीन चालवत राहिला. मी हॉलमधून सगळे माइक लावून पाहिले, मोबाइलवरची गाणी वाजवली, आवाज पार वर नेला. मशीन हू की चू करेना.

"पाहा मॅडम, एकदम चकाचक हाय," मोईज म्हणाला.

"तू गेला का बंद पडते," मी म्हटलं.

"मंग म्या हितीच ऱ्हायाले येऊ काय?"

तो गेला आणि शनिवारी कॉम्प्युटर बंद पडला.

मी काय काय केलं नाही? इन्व्हर्टर बदलला. वायरिंग तपासून घेतलं. कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून नव्याने भरलं. सोमवार ते शुक्रवार मी एकटी शेडमध्ये येऊन तासन्‌तास मशीन चालवायची, तेव्हा ते आज्ञाधारक मुलासारखं चालायचं. काकांनी डब्यावर लिंबू-मिरची बांधली, तीही मी बांधू दिली. इतकी मी टेकीला आले होते.

सगळ्यात वाईट म्हणजे लोकांचं बोलणं फिरलं. आधी म्हणायचे, 'रेच्याचा कॉम्प्युटर बिघडला.' मग म्हणू लागले, 'रेच्यातल्या पोरीले जमत नाही.' मागच्या गाद्यांवरून कोणी तरी हळूच "आता जाते पाहा" म्हणायचं आणि तो खरंच जायचा. मला त्या माणसाला शोधून गादीखाली दाबावंसं वाटायचं.

एका शनिवारी चंद्रभान येऊन बसला. हा अमरावतीचा, लग्नांच्या वरातीत भिंती हलवणारे स्पीकर लावतो. कार्यक्रम दोनदा थांबलेला त्याने डोळे भरून पाहिला आणि जाताना काकांना म्हणाला, "साउंड माह्याकडे द्या. मशीन माही, मानूस माहा. तुमाले झंझट नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं. ते बराच वेळ टेबलावरची तिकिटं नीट करत बसले.

"पोरी, या शनिवारी हुसेनमियांची मैफल हाय," ते म्हणाले. "मानूस सत्तरीचा हाय. त्याईच्या गान्यात जर मशीन बंद पडली, तं म्या त्याईले तोंड दाखवू शकत नाही."

"नाही पडणार, काका."

"तू दर वेळी असंच म्हनते." ते रागाने नाही, थकून बोलले. "या वेळी पडली तं चंद्रभानले हो म्हनतो. तू मंग तुह्यं पाह्य."

मी घरी गेले आणि आईने वाढलेल्या ताटाकडे पाहत बसले. पुण्याच्या स्टुडिओतून मधे फोन येऊन गेला होता, जागा रिकामी होती, हुंदके माझी वाट पाहत होते. मला जायचं नव्हतं. मला रेचा आवडायचा. त्या टिनाच्या छपराखाली आवाज कुठे घुमतो, कुठे मरतो, तबला किती ओढून धरावा लागतो, हे मला पाठ झालं होतं. एखादी जागा अशी पाठ झाली की तिच्यात जीव अडकतो. आणि एक खोका मला तिथून हाकलून देणार होता, तेही का ते न सांगता!

शनिवारी मी मोईजला पुन्हा बोलावून घेतलं. तो दुपारी आला. कूलर त्याच्याकडे फिरला, पाणी आलं, ख्यालीखुशाली झाली. त्याने पुन्हा सगळं तपासलं आणि पुन्हा काहीच सापडलं नाही.

"मंग मी खोटं बोलून राहिली काय?" माझा पारा चढला.

"म्या असं म्हटलं काय? पन माह्यासमोर मशीन शहान्या पोरावानी वागते, त्याले म्या काय करू?"

"आज कार्यक्रम संपेपर्यंत इथून हलायचं नाही. इथेच बसायचं. मशीनसमोर."

"घरी पाव्हने येनार हायेत मॅडम. म्या नसन तं अम्मी जीव घेईन."

"मी आत्ताच घेईन."

शेवटी मध्यंतरापर्यंत थांबायचं ठरलं. काकांना तर आनंदच झाला. पाहुणा आणखी तीन तास बसणार म्हणून त्यांनी कूलरची टाकी काठोकाठ भरली.

संध्याकाळी शेड भरलं. हुसेनचाचा पांढऱ्या कुडत्यात आले, हार्मोनियमपुढे बसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "बेटा, आवाज जरा नरम ठेवजो. म्हातारा गळा हाय, जास्त मोठा केला का सुरकुत्या दिसतात." मला ते तिथल्या तिथे आवडले. मी त्यांचा माइक जरा खाली घेतला. माउसवरचा हात घामाने चिकटत होता.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला मी श्वास घ्यायला लागले. चौथ्याला चाचांनी एक जागा अशी घेतली की मागच्या गादीवरचा तो 'आता जाते' म्हणणारा उठून उभा राहिला आणि "व्वा!" म्हणून ओरडला. मशीन चालू. मध्यंतर झालं तरी मशीन चालूच. काका कचोरीची ताटली घेऊन माझ्याकडे आले आणि त्यांचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा फुलला होता.

"आज नाही पडत," ते म्हणाले. "मोईजनं काहीतरी करून देल्लं."

"म्या काहीच नाही केलं," मोईज कचोरी खात म्हणाला. तो प्रामाणिक आहे, हे मला मान्य करावं लागेल. खाऊन झाल्यावर त्याने हात धुतले, बॅग उचलली आणि निघाला. काका त्याला बसस्टँडच्या रिक्षापर्यंत पोचवून आले आणि काटाघरात शिरले.

उत्तरार्ध सुरू झाला. चाचांनी एक संथ चीज उचलली. पहिली ओळ गाऊन ते थांबले, डोळे मिटले, दुसऱ्या ओळीच्या मधोमध आले आणि माझी स्क्रीन निळी झाली.

टप्प.

"गेली," मागून कोणीतरी म्हणालं. या वेळी ते खरोखर हळहळून म्हणालं, आणि त्याने मला जास्तच लागलं.

मी खिडकीतून पाहिलं तर काका काटाघरातून निघून फाटकाकडे धावत होते. "मोईज! ए मोईज! थांबव रे रिक्षा!" धोतर सावरत, एक चप्पल पायात, एक हातात. मोईजची रिक्षा रस्त्यापलीकडे सवारीची वाट पाहत उभीच होती. मी काटाघराकडे पळाले.

दारातून आत पाऊल टाकलं आणि थेट कूलरवर आदळले.

दर वेळी काका मला पाहून कूलर सरकवायचे. आज सरकवायला काका नव्हते. म्हणून मी नसताना तो कूलर कुठे असतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तो डब्याला तोंड लावून उभा होता. अगदी चिकटून, चारही पाती फुल्ल फिरत, उघड्या झाकणातून सगळी हवा मशीनच्या पोटात. हवा कसली, दवच ते. मी डब्यात हात घातला तर हात ओला झाला. कडांवर पांढरी भुकटी जमली होती. मी बोट जिभेला लावलं.

खारट. मीठच!

आमच्या भागात हे कोणाला सांगायला नको. अकोल्यातून पूर्णा नदीकडे निघालं की जमिनीखालचं पाणी खारं होतं. खारपाणपट्टाच तो. बोअरच्या पाण्याने बादल्या पांढऱ्या पडतात, कूलरच्या गवतावर उन्हाळा संपेस्तोवर मिठाचा थर बसतो. तेच पाणी दर शनिवारी बारीक तुषार होऊन माझ्या मशीनमध्ये शिरत होतं. आठवडाभर काका नसायचे, कूलरही बंद, म्हणून मशीन ठणठणीत. मी धावत आले की कूलर बाजूला, मशीन सुकलं की सुरू. आणि मोईज आला की कूलर पाहुण्याकडे! माणसं पाहून वागत होते ते आमचे काका. कॉम्प्युटर बिचारा निर्दोष होता.

मला एवढा राग आला आणि त्याच वेळी एवढं हसू आलं की मी कूलरचं बटण बंद करून खालीच बसले.

तेवढ्यात मोईजला दंडाला धरून काका आले. मला कूलरशेजारी फतकल मारून हसताना पाहून दोघंही दारातच थबकले.

"काका," मी म्हटलं, "हा कूलर मशीनकडे कोणी लावला?"

"म्या लावला. कावून? काय झालं?"

"कधीपासून?"

"यानं सांगतलं तवापासून." त्यांनी मोईजकडे बोट दाखवलं. "तूच म्हटलं ना रे, मशीन तापते, हवा लागू द्या?"

मोईजने डब्यात डोकावून पाहिलं, बोट फिरवलं, तेही माझ्यासारखंच जिभेला लावलं आणि कपाळावर हात मारला.

"काका, म्या हवा म्हटलं होतं. पाऊस नाही म्हटलं."

काकांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा उतरला की माझं हसू थांबलं. हा माणूस दीड महिना दर शनिवारी बादल्या भरभरून, स्वतःच्या हाताने, मशीनची सेवा करत होता.

"आता काय होते?" त्यांनी विचारलं. "मेली काय?"

"दहा-पंधरा मिनिटं द्या," मोईज म्हणाला आणि बॅग खाली टाकली. घरचे पाहुणे तो विसरला असावा. त्याने वीज काढली, आतल्या मेमरीच्या पट्ट्या उपसल्या, काकांच्या तिकिटांच्या पेन्सिलीमागचं रबर घेतलं आणि त्या खसाखसा घासू लागला. काकांनी खांद्यावरचा धुतलेला शेला काढून दिला, त्याने डबा आतून पुसला. मी मागचं दार उघडलं. दिवसभर तापलेल्या रस्त्यावरून अकोल्याची ती कोरडी, भाजणारी हवा आत आली. आजवर या हवेला मी फक्त शिव्या दिल्या होत्या. त्या दिवशी तिला म्हटलं, ये बाई, बस.

हॉलमध्ये काय चाललंय ते पाहायला मी परत गेले. मला वाटलं होतं निम्मे लोक उठून गेले असतील. कोणीच उठलं नव्हतं. हुसेनचाचा हार्मोनियम घेऊन स्टेजच्या कडेला येऊन बसले होते आणि लोकांना हाताने जवळ बोलावत होते.

"अरे या ना जवय. तिकडे काय गाडीची वाट पाहून राह्यले?"

लोकांनी गाद्या ओढल्या. मागचे पुढे आले, पुढचे स्टेजला टेकले, कोणी कोणाच्या मांडीवर हात ठेवून बसला. तबलजीने बोटांनीच हळू ठेका धरला. आणि चाचांनी ती अर्धी राहिलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली, माइकशिवाय. म्हातारा, जरासा खरखरीत, पण सरळ काळजात शिरणारा आवाज. छपराखाली एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पंखेसुद्धा कोणीतरी बंद केले होते आणि लोक घामाने निथळत, न हलता ऐकत होते.

मी माझ्या जागेवर येऊन बसले. सुखच वाटत होतं, पण त्याला आतून एक टोचणीही होती. माइकशिवायच इतकं चांगलं होत असेल तर माझी गरज कोणाला?

चाचांचा आवाज हळूहळू थकायला लागला. वरच्या जागा ते टाळू लागले. मागच्या भिंतीशी टेकलेली दोन-तीन म्हातारी माणसं, ज्यांना खाली बसता येत नव्हतं, ती कानाला हात लावून पुढे वाकली होती. आणि माझी स्क्रीन उजळली. काटाघराच्या दारातून मोईजने अंगठा दाखवला.

आता एकदम आवाज सुरू केला असता तर सगळी जादू खाडकन तुटली असती. मी माइक उघडला, पण जवळजवळ शून्यावर. मग चाचा श्वास घेत तेव्हा केसभर वर. पुढच्या श्वासाला आणखी केसभर. त्यांच्या आवाजाखाली हात घालून तो अलगद उचलावा तसं. किती वेळ लागला ठाऊक नाही. लोकांना कळलंच नाही. कोणी मान वळवून स्पीकरकडे पाहिलं नाही. एवढंच झालं की मागच्या भिंतीजवळच्या म्हाताऱ्यांनी कानावरचे हात काढले आणि निवांत टेकून बसले.

एका माणसाला मात्र कळलं. चाचांनी गाता गाता डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि जी वरची जागा ते टाळत होते ती घेतली. पूर्ण घेतली. शेड उसळलं.

मैफल संपली. चाचा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुरकुत्या नाही दिसू देल्ल्या." मोईजला घरून फोनवर फोन येत होते, तो "आलो अम्मी, रस्त्यातच हाय" असं सपशेल खोटं बोलत रिक्षात बसला. लोक पांगले.

मी मशीन बंद करायला काटाघरात गेले. काका खुर्चीवर बसले होते. कूलर त्यांनी तोंड भिंतीकडे करून ठेवला होता. त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता, शेला मशीनसाठी गेलेला, त्यामुळे कपाळावरचा घाम ते हाताच्या पंजाने पुसत होते. मी त्या खोलीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. काकांची खुर्ची कोपऱ्यात होती. तिथे खिडकी नाही, पंखा नाही. त्या खोलीत हवेचं साधन म्हणून एकच, तो कूलर.

"काका, हा कूलर आधी तुमच्याकडे असायचा ना?"

"हौ."

"आणि दीड महिना तुम्ही असेच बसलात? या मे महिन्यात?"

"मंग काय करता? माह्यापेक्षा त्याले गरज होती." ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. "मशीन बंद पडली असती तं तुले जा लागलं असतं. म्या म्हटलं, आपन घाम गायू, पोरगी तं टिकन. अन् म्याच तिले बुडवून राह्यलो होतो. मूर्ख मानूस."

मी दारात उभी होते. त्यांना कसं सुनवायचं, याची वाक्यं मी मध्यंतरानंतर मनात तयार करून ठेवली होती. चांगली धारदार होती. त्यातलं एकही आठवेना.

"चंद्रभानले फोन लावला होता आत्ता," काका म्हणाले. "येऊ नको म्हनून सांगून देल्लं."

जीव भांड्यात पडला म्हणतात, तसा माझा पडला. पण माझा स्वभाव असा की आनंद झाला तरी काहीतरी बोचकारल्याशिवाय राहवत नाही.

"तरी एक गोष्ट मले समजत नाही," मी म्हटलं. "मोईज आला का कूलर त्याच्याकडे. तबलावाला आला का त्याच्याकडे. मी हितीच घामाघूम उभी असते, माह्याकडे तं तुमी एकदाही नाही फिरवला."

काकांनी मान वर केली. एवढा वेळ खाली घातलेली मान आता वर आली, आणि मी काहीतरी अगदीच खुळ्यासारखं विचारलं असावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ते पाव्हने हायेत," ते म्हणाले. "तू कुठची पाव्हनी?"

मला रडू आलं. आतल्या आत वगैरे नाही, चांगलं हुंदके देऊन. काका उठले, चपला पायात सरकवल्या, शेडच्या चाव्यांचा जुडगा टेबलावर माझ्यापुढे ठेवला आणि दाराशी जाऊन थांबले.

"रडनं झालं का शटर ओढजो," ते म्हणाले. "अन् चावी सकायी घेऊन येजो, माह्यापाशी दुसरी नाही."